नथीतला माणिक

केळझरच्या गणपतीकडं जाणारी वाट जिथं चढाला लागते, तिथं डाव्या हाताला माणिक उमाट्याचं हार-नारळाचं दुकान आहे. चतुर्थीला तिथं उभं राहायला जागा नसते, आणि एरवी उभं राहायला माणूस नसतो. माणिक मागं भिंतीला टेकून झेंडूच्या माळा ओवत बसतो. ओवता ओवता त्याचे ओठ हलतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, मालक देवाचं नाव घेतो आहे. देवाचं नसतो घेत तो. शब्दाला शब्द जुळवत असतो.

या माणसाच्या गाण्यांवर वर्धा जिल्ह्यातली निम्मी लग्नं नाचली आहेत. आमच्याकडं वरातीपुढं धुमाल असते; ताशे, ढोल, कॅसिओ आणि भोंगे लादलेली गाडी. ती गाडी माणिकच्या दुकानासमोरून त्याचंच गाणं वाजवत जाते. नाचून घामाघूम झालेला एखादा पोरगा बाजूला होतो, माणिककडं हात करतो आणि म्हणतो, "काका, पान्याची बाटली द्या न एक." माणिक देतो. गाणारीचं नाव त्या पोराला ठाऊक असतं, कॅसिओ वाजवणाऱ्याचं ठाऊक असतं, भोंगेवाल्याचंही असतं. शब्द कोणी लिहिले हा प्रश्नच कोणाच्या डोक्यात येत नाही. विहिरीचं पाणी पिताना विहीर कोणी खणली हे कोण विचारतो?

माणिकला मात्र ते विचारलं जावं असं फार वाटायचं. एवढी एकच गोष्ट त्यानं आयुष्याकडं मागितली. आणि मागायची कशी, ते त्याला चुकीचं शिकवलं गेलं होतं.

शिकवणारे पुंडलिकराव. गावच्या भजन मंडळाचे म्होरके, आवाज ढगासारखा. माणिकला मिसरूड फुटत होतं तेव्हा त्यानं पहिलं भजन रचलं आणि त्यांच्यापुढं म्हटलं. पुंडलिकरावांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "चांगलं हाय. पन छाप कुठी हाय?"

छाप म्हणजे शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो ती ओळ. अमका म्हणे, तमका म्हणे.

"ज्या भजनाले छाप नाई थे बेवारस," पुंडलिकराव म्हणाले. "आन ध्यानात ठेवजो, आपलं नाव आपल्या तोंडानं सांगू नोको. नाव गान्यानं सांगावं. सोताच्या नावाची बोली लावते थो कवी नोय, बाजारातला दलाल होय."

पोरवयात कानात पडलेलं असं एखादं वाक्य दगडासारखं तळाशी जाऊन बसतं. पुंडलिकराव गेले, त्यांचं मंडळ मोडलं, पण ते वाक्य काही माणिकच्या पोटातून निघालं नाही.

कॅसेटचे दिवस होते. वर्ध्याच्या अच्युतनं घराच्या माडीवर भिंतींना गाद्या ठोकून स्टुडिओ उभा केला होता. लग्नाची गाणी, नवरात्राची गाणी, पोळ्याची गाणी; जे खपेल ते. माणिक एस.टी.नं वर्ध्याला गेला आणि आपलं पहिलं गाणं त्याला म्हणून दाखवलं. सेलूच्या बसमध्ये जागा न मिळालेल्या नवरा-नवरीचं गाणं होतं. शेवटी ओळ होती, 'माणिक म्हणे केळझरचा, उभ्याउभ्यानं चाला.' अच्युत हसून हसून पालथा पडला. गाणं घेतलं. उन्हाळ्यात ते दर लग्नात वाजू लागलं.

माणिकनं पहिल्यांदा ते ऐकलं सेलूच्या बाजारात, एका कॅसेटच्या दुकानापुढं उभं राहून. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्याची वाट पाहत तो कान टवकारून उभा. तिसरं आलंच नाही. ढोलाचा एक तुकडा वाजला आणि दुसरंच गाणं सुरू झालं.

"शेवटचं कडवं कुठी गेलं?" त्यानं अच्युतला विचारलं.

"कापलं, भाऊ. नाचनाऱ्याचा दम तेवढाच राह्यते. तिसऱ्या कडव्याले लोकं पंगतीत जाऊन बसते."

कॅसेटच्या वेष्टनावर गाणारीचं नाव होतं, वाजवणाऱ्यांची होती, अच्युतचं तर ठळक अक्षरात होतं. आणि 'गीत' या शब्दापुढं छापलं होतं, पारंपरिक.

"पारंपरिक लिवलं त लग्नवाले भरोशानं घेते," अच्युत म्हणाला. "नव्या कवीचं नाव पाहून गिऱ्हाईक बिचकते. तुमाले राग नाई न आला?"

आला होता. पण राग आला असं म्हणणं म्हणजे नाव मागणं, आणि नाव मागणं म्हणजे दलाली. माणिक म्हणाला, "राग कायचा?" आणि परतीच्या एस.टी.त खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसला. जिवंतपणीच त्याची परंपरा झाली होती.

मग वर्षामागून वर्षं गेली. माणिक लिहीत गेला, गाणी वाजत गेली, आणि प्रत्येक गाण्याची शेपटी अच्युत छाटत गेला. माणसाला एकाच जागी पुन्हा पुन्हा ठेच लागली की तो एकतर वाट सोडतो किंवा दगडावर रागावतो. माणिकनं तिसरंच केलं. त्यानं ठरवलं, नाव शेवटी घातलं तर कापतात ना, मग पहिल्याच ओळीत घालू. मुखडा कोण कापेल? मुखडा कापला तर गाणंच उरत नाही.

पावसाळाभर तो त्या एका मुखड्याला घासत होता. दुकानात, घरी, जेवताना. बायको कोकिळा म्हणायची, "वरन घेता का अजून?" आणि हा भलतीकडंच पाहत असायचा. शेवटी ओळी झाल्या.

नथीत माणिक बसला बाई, नथीत माणिक बसला,
आरसा हाती धरला मी त गालात मेला हसला.

त्याला वाटलं, आता कोणाच्या बापाची ताकद नाही. बाई गाते आहे, तिच्या नथीत माणिक बसला आहे. खडा म्हणा तर खडा, माणूस म्हणा तर माणूस. पण खडा असता तर ते माणिक 'बसलं' असतं. बसला तो मीच. जाणता माणूस एका क्षणात ओळखेल.

गायला रीताबाई होत्या. दिवसा खाजगी शाळेत मराठी शिकवायच्या, संध्याकाळी अच्युतकडं गायच्या. आवाज असा की ऐकणाऱ्याला आपली तरणी वर्षं आठवावीत. त्यांनी कागद वाचला, गुणगुणल्या, थांबल्या.

"माणिकभाऊ, इथं थोडी चूक आहे. माणिक नपुंसकलिंगी शब्द आहे. ते माणिक. बसला नाही, बसलं. आणि खाली हसलं."

अच्युतनं टाळी वाजवली. "घ्या माणिकभाऊ! बाईनं तुमाले त नपुंसकच करून टाकलं!"

ढोलकीवाला हसला, कॅसिओवाला हसला. रीताबाई लाजून लाल झाल्या. माणिकही हसला. एकच शब्द बोलायचा होता त्याला, 'मी'. बाई, तो माणिक म्हणजे मी. पण तो शब्द तोंडात येऊन टाळूला चिकटला. आपण सांगायचं नाही, गाण्यानं सांगायचं. शिकलेली बाई आहे, 'गालात मेलं हसलं' म्हणताना तिच्याच ध्यानात येईल की खडा कसा हसेल. त्यानं वाट पाहिली. रीताबाईंनी 'हसलं' इतकं गोड म्हटलं की खडा खरंच हसला.

"तुमी म्हनता तसं, बाई," माणिक म्हणाला.

एका टिंबाखाली त्याचं नाव गाडलं गेलं, आणि वरून गाणं असं उगवलं की काय सांगावं. वर्ध्यातून नागपूर, नागपुरातून भंडारा-गोंदिया. हळद लागली की 'नथीत माणिक बसलं'. हजारो बायका त्याचं नाव तोंडात घोळवत होत्या, आणि एकीलाही ठाऊक नव्हतं की हे नाव आहे. कापलेलं नाव बरं. निदान कापलं हे तरी कळतं.

त्यानंतर त्याचा हात आखडला. अच्युतला तो अधूनमधून काही देई, पण त्यात जीव नसे. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. मुलगी दिपाली मोठी झाली, वर्ध्याला रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. माणिक झेंडू ओवत राहिला.

मग गेल्या साली कोणा पोरीनं मोबाईलवर ते जुनं गाणं लावून नाच केला, आणि गाणं पुन्हा वणव्यासारखं पेटलं. चतुर्थीच्या दिवशी अच्युत मोठ्या गाडीतून केळझरला आला. दर्शन घेऊन दुकानापुढं उभा राहिला.

"माणिकभाऊ, नथ पुन्हा चालून राह्यली. नवीन करतो आता, व्हिडिओसकट. एक कडवं वाढवून द्या."

"देतो. पन मुखडा मी लिवला तसा गावाचा."

"म्हंजे कसा?"

"बसला. हसला. वरचं टिंब काढाचं."

अच्युत त्याच्याकडं पाहत राहिला. धंद्यातला माणूस, त्याला काहीतरी वास आला. "टिंबाचं काय घेऊन बसले? नाव पाहिजे का व्हिडिओवर? सांगा न मोकळं. थोडं कागदपत्र करा लागन, पन टाकू."

हार घेणारी बाई मध्येच आली, तिला हार दिला. तेवढ्या वेळात माणिकला हो म्हणता आलं असतं. सारं आयुष्य ज्याच्यासाठी तळमळला ते समोरचा माणूस स्वतः ताटात वाढत होता. पण वाढत होता म्हणूनच त्याला ते घेववेना.

"मांगून नाई पाहिजे," तो म्हणाला. "टिंब काढ, बस."

अच्युतनं खांदे उडवले.

आठवड्यानं रीताबाईंचा फोन आला. आता त्या निवृत्त झाल्या होत्या, आवाज जरा जाड झाला होता. "माणिकभाऊ, बसला म्हणजे... तुम्ही होय?"

माणिकनं हातातली माळ खाली ठेवली. मग म्हणाला, "हो, बाई."

"अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?"



नवं गाणं आलं. माणिकनं दिपालीच्या मोबाईलवर ते ऐकलं. 'बसला' म्हणताना रीताबाईंनी तिथं किंचित थांबा घेतला होता, जणू दार उघडून धरलं होतं. चार दिवस तो जमिनीवर नव्हता. गिऱ्हाइकाला एकाच्या ठिकाणी दोन नारळ देत होता.

मग वर्ध्याला एका कार्यक्रमात रीताबाईंना कोणीतरी गर्दीतून विचारलं, "बाई, हा माणिक कोन हो?" लोक हसले. रीताबाईही हसल्या. म्हणाल्या, "आहेत एक केळझरचे!" त्यापुढं त्या म्हणाल्या होत्या की हे गाणं माणिकभाऊंनीच लिहिलं आहे, आणि ते सर्वांना कळायला हवं. पण मोबाईलवर फिरला तो तुकडा 'केळझरचे'पाशीच संपत होता.

शेजारचा निकेश मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. जीभ अशी की मेलेल्याला गुदगुल्या व्हाव्यात. सकाळी माणिक दुकानाची फळी उघडतो न उघडतो तोच तो ओरडला, "काय माणिकभाऊ! आमी समजलो, तुमी झेंडू ओवता. तुमी त नथीत जाऊन बसले राजेहो!"

"अरे, गानं मी लिवलं हाय."

"लिवलंच असन. इतलं जवळून पाह्यल्याबिगर कोन लिवते?"

चहाच्या टपरीवर, देवळाच्या पायरीवर, एस.टी.च्या थांब्यावर, जिथं जाईल तिथं कोणीतरी गुणगुणायचं आणि दुसरा खोकायचा. ज्या नावासाठी त्यानं उमेद खर्ची घातली ते नाव शेवटी गावाला ऐकू आलं होतं. कवीचं म्हणून नाही, रंगेल म्हाताऱ्याचं म्हणून.

कोकिळेच्याही कानावर ते गेलं. मग एका दुपारी त्याच्यापुढं ताट ठेवताना ती म्हणाली, "माह्या लग्नातल्या नथीत मोती होते. माणिक कोनाच्या नथीत होता?"

"कोनाच्याच नाई वं. थे माहं नाव हाय. छाप हाय थे."

"रीताबाईची नोयती?"

"नाई."

"माही बी नोयती?"

तो खोटं बोलू शकला असता. तिचीच होती म्हणाला असता तर त्या बाईचं आयुष्य गोड झालं असतं. पण तो आपल्याच विचारात होता. म्हणाला, "नथ नुसती घेतली. नाव बसवाले जागा पाहिजे होती."

कोकिळा खाली बसली. "म्हंजे सारे वरसं बायाईचे गाने लिवले, आन त्यात बाई कोनतीच नोयती? नुसते तुमीच होते?" थोड्या वेळानं म्हणाली, "त्यापेक्षा रीताबाई असती त बरं झालं असतं."

दिपालीचं लग्न त्याच सुमारास गिरडला जुळलं होतं. मुलगा प्रफुल, बी-बियाण्याचं दुकान. बाप नव्हता. आई मनकर्णाबाई स्वतः दुकानावर बसायची, आणि तिच्या तराजूचा काटा कधी हलला नाही असं गिरडात म्हणत. साक्षगंध तोंडावर आलं होतं. कुंकू लागायचं, अंगठ्या व्हायच्या. अशात मनकर्णाबाई एकटीच एस.टी.नं केळझरला आली. पाणी प्याली आणि चहा येण्याआधीच व्याह्याशी बोलली.

"इवाई, मी गिऱ्हाईक करनारी बाई. मले गोल बोलता येत नाई. रागावू नोका." तिनं मोबाईल काढला आणि तो तुकडा लावला. रीताबाई हसल्या. आहेत एक केळझरचे. "हे तुमीच का?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

आणि माणिकला चक्क आनंद झाला. काय माणसाचं मन असतं! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला समोर बसून, सरळ डोळ्यांत पाहून विचारलं होतं. आता सांगणं म्हणजे मागणं नव्हतं. विचारलं, म्हणून सांगितलं.

"मीच. गानं माहं हाय. मी लिवलं." आणि तो सांगत सुटला. पुंडलिकराव, छाप, कापलेली कडवी, टिंब. कधी कोणाला न सांगितलेलं सगळं.

मनकर्णाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छाप मले मालूम हाय. माहे सासरे भजनं म्हनत. पन इवाई, देवापुढं नाव घेनं येगळं. बाईच्या नाकात कोनी आपलं नाव बसवते का? लिवलं तुमी, गायलं थ्या बाईनं, नाव तुमचं. आता लोकायले सांगाले बाकी काय राह्यलं?"

"तसं काई नाई, इनबाई. देवाशपथ."

"मी ठेवन भरोसा. पन गिरडात धुमाल वाजन, आन माह्या सुनेच्या बापाचं नाव घेऊन पोट्टे नाचन. थे गानं आता हळदीले वाजल्याबिगर राहत नाई. मी किती जनायचं तोंड दाबू?" ती थांबली. "प्रफुल काई म्हनत नाई. माहे दीर म्हनून राह्यले, दुसरी पोरगी पाहू."

दाराच्या चौकटीत दिपाली उभी होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

माणिकनं तिच्याकडं पाहिलं. मग तो हसला. दुकानदाराचं हसू असतं ना, गिऱ्हाईक फिरायला लागलं की ओठांवर येतं ते.

"अवो इनबाई, तुमी त खरंच धरलं! माणिक म्हंजे खडा. लाल खडा. नथीत खडाच बसन, मानूस कसा बसन? 'बसलं' असं हाय थे. गानारीच्या तोंडून चुकलं. जुन्या कॅसेटीत आयका, 'बसलं'च हाय."

"आन तुमी लिवलं म्हनले थे?"

"म्हनलं थोडं. पोरीच्या सासरी जरा वजन पडन म्हनून." तिच्या हातातला मोबाईल त्यानं घेतला, गाण्याचा व्हिडिओ काढला आणि त्यावर 'गीत' या शब्दापुढं जे छापलं होतं त्याखाली बोट धरलं. "हे पाहा न. गीत पारंपरिक. लिवलंच हाय. माहं असतं त माहं नाव नसतं का?"

मनकर्णाबाईनं तो शब्द दोनदा वाचला. छापील गोष्टीवर तिचा विश्वास होता. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला आणि ती खदखदून हसली.

"काय बाप्पा इवाई! दुसऱ्याच्या गान्यावर आपलं नाव ठोकता! आना आता चहा."

दिपालीनं मान खाली घातली आणि आत गेली. चहा कोकिळेनं आणला. तिनं कप मनकर्णाबाईपुढं ठेवला, आणि माणिकचा कप हातातच धरून त्याच्याकडं पाहत राहिली, जणू हा माणूस घरात पहिल्यांदाच दिसतो आहे.

त्याच दिवशी माणिकनं अच्युतला फोन केला. टिंब परत टाक म्हणाला. अच्युतनं कारण विचारलं नाही. "लोकं बी व्हिडिओखाली चूक हाय, चूक हाय म्हनूनच लिवून राह्यले होते, भाऊ," एवढंच म्हणाला. 'बसला' असलेलं गाणं मोबाईलवरून उतरलं आणि 'बसलं' असलेलं चढलं.

साक्षगंध थाटात झालं. अंगठ्या झाल्या, पेढे वाटले, दोन्हीकडच्या बायका अंगणात सतरंजीवर बसल्या. मनकर्णाबाई रंगात आली होती. "इवाईचा गळा भजनाचा हाय म्हनते. धरा न सूर! थेच नथीचं म्हना, नीट म्हना म्हंजे लोकायले कळन!"

सगळे हसले. निकेशनं शिट्टी घातली. नाही म्हणायला जागा नव्हती. माणिकनं घसा साफ केला, आणि ज्या आवाजात पुंडलिकरावांमागं उभा राहून त्यानं भजनं म्हटली होती त्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करून, आपलंच नाव पुसत, तो म्हणाला, "नथीत माणिक बसलं बाई, नथीत माणिक बसलं."

बायकांनी ओळ उचलली. साऱ्या एका तोंडानं म्हणत होत्या, बसलं, बसलं. फक्त कडेला बसलेल्या कोकिळेच्या तोंडून वेगळं आलं. ती हळू पण स्पष्ट म्हणाली, "बसला." आणि तिनं सरळ त्याच्याकडं पाहिलं.

माणिकचा सूर चाचरला. त्यानं चोरट्या नजरेनं मनकर्णाबाईकडं पाहिलं, मग कोकिळेवर डोळे वटारले.

पुढच्या ओळीला 'हसलं' म्हणून तिनं चूक दुरुस्त केली.